नागोरावांनी पंप बंद केला

चंदननगरच्या गल्ल्यांत कुणाकडे मोरी तुंबली, नळ ठिबकायला लागला, की एकच नाव निघायचं, नागोराव प्लंबर. हिंगोलीकडून पुण्यात येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली. गुडघे गेले, पण अजून भिंतीला कान लावून आत पाइप कुठं गळतोय ते सांगतात. बोलणं मात्र मोजकं. गिऱ्हाईक करवादलं, "अहो, कालच तर दुरुस्त केलंत!" की हे म्हणणार, "काल दुसरं बिघडलं होतं." झालं, वाद मिटला.

त्यांची बायको यमुनाबाई कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायच्या. बाई हुशार, नजर घारीची. नागोरावांनी बाहेर दोन भजी खाल्ली तरी त्या दारातच ओळखायच्या. या बाईपासून काही लपवायचं म्हणजे काही खरं नाही, हे नागोराव लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकले होते.

दोघांना एकच मुलगा, तेजस. खराडीला कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होता. शनिवार-रविवार मोकळा असायचा आणि मोकळं डोकं गप्प बसत नाही. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, गच्चीवर ॲक्वापोनिक्स करायचंय."

"कशावरचं औषध आहे?"

"औषध नाही हो! खाली टाकीत मासे, वर खडीत भाजी. माशांची घाण म्हणजे भाजीचं खत. भाजी ते पाणी गाळून परत माशांना देते. माती लागत नाही, काही नाही."

"म्हणजे मोरीचं पाणी परत हंड्यात."

"तसंच समजा."

"आयुष्यभर लोकांची घाण मी घराबाहेर काढली. आता पोरगा ती घरातच गोल फिरवणार. वा रे वा!"

तोंडानं असं म्हणाले, पण दुसऱ्याच दिवशी एका बिल्डिंगवरून काढून टाकलेली काळी टाकी टेम्पोत घालून घेऊन आले. झाकण फुटलेलं, बाकी टणटणीत. तेजसनं लोणच्याच्या कारखान्यातली दोन निळी पिंपं भंगारातून शोधून आणली. केमिकलचं पिंप चालत नाही, मासे मरतात, हे त्यानं चार वेळा बजावून सांगितलं. पिंपं उभी चिरून चार पन्हाळी केली, अँगलच्या स्टँडवर चढवली, धुतलेली खडी भरली. टाकीतलं पाणी वर चढवायला छोटा पंप बसवला; तो बंद पडला तर मासे हवेविना गुदमरतील, हेही त्यानं बजावलं. सात पाण्यांनी धुतली तरी आठवडाभर गच्चीला कैरीच्या लोणच्याचा वास येत होता.

पाइप जोडायचं काम तेजसनं मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं. एकूणएक जोड गळायला लागला. नागोराव उपड्या बादलीवर बसून शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "व्हिडिओत पाणी गळत नाही, बाबा. ऊठ." मग एल्बो, टी, सगळं पुन्हा कापून, घासून, सोल्युशन लावून त्यांनी बसवलं. एक गोष्ट मात्र त्यांनाही नवी होती. पन्हाळ काठोकाठ भरली की कुणी हात न लावता आपोआप रिकामी व्हायला हवी, पुन्हा भरायची, पुन्हा रिकामी. त्या सायफनपायी बापलेकांचे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पाणी खुणेपर्यंत चढलं, क्षणभर थांबलं आणि घडघडत खाली टाकीत गेलं. तेजस गच्चीवर नाचला. नागोराव फक्त म्हणाले, "जमलं." पस्तीस वर्षांत स्वतःच्या कामाबद्दलही ते एवढं बोलले नव्हते.

मग तेजस लोणी काळभोरच्या एका शेततळ्यावरून चिलापी माशांची चाळीस बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, पिशवीतून घेऊन आला. "सून आणायची सोडून मासे आणले!" असं म्हणत यमुनाबाईंनीच त्यांना पहिलं खाणं टाकलं.

त्यानंतर चार महिन्यांनी, मार्गशीर्षात, तेजस गेला. ऑफिसात खुर्चीवर बसल्या जागी. एकोणतीस वर्षांचा. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी नाव सांगितलं. नाव कळून काय करायचंय?

खानावळ बंद पडली. यमुनाबाईंनी अन्न टाकलं, बोलणं टाकलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. चौदावं झालं आणि पाहुणे गेले, तेव्हा नागोरावांना माशांची आठवण झाली. इतके दिवस कुणी दाणा टाकला नव्हता. ते वर गेले, तर टाकीत सगळे जिवंत. त्यांची सावली पडताच वर येऊन तोंडं उघडायला लागले. नागोराव जिन्यातून ओरडले, "यमुना, अगं वर ये! तेजसचे मासे भुकेलेत."

ती बाई उठली. भिंतीला धरून, पण उठली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मासे त्यांचे. माशांशी बोलायच्या, रागवायच्या, वरच्या पालकाची भाजी करायच्या आणि करता करता स्वतःही दोन घास खायला लागल्या. पोराच्या हातचं जिवंत असं तेवढंच मागं उरलं होतं. ते जगलं पाहिजे, बस्स. नागोरावांचं देवाकडे दुसरं काही मागणं नव्हतं.

वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला गावाकडची माणसं यायची होती. त्या दिवशी सकाळी नागोराव गच्चीवर गेले. पन्हाळी भरत होत्या, रिकाम्या होत होत्या, पंप व्यवस्थित चालू होता. टाकीतलं पाणी एरवी हिरवट, गढूळ असायचं. आज ते काचेसारखं स्वच्छ होतं, तळ दिसत होता. आणि वर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

तळाशी कसली तरी पुरचुंडी पडलेली. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून ती वर काढली. खानावळीतलं जुनं फडकं, आत विरघळून लिंबाएवढा राहिलेला तुरटीचा खडा.

नागोरावांना सगळं कळलं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की यमुनाबाई पिंपात तुरटी फिरवायच्या. पंधरा वर्षं पोरं ते पाणी प्यायली, एकाचंही पोट बिघडलं नाही. आता पाहुणे येणार, पोराची टाकी घाणेरडी दिसायला नको, म्हणून त्या माउलीनं आदल्या संध्याकाळी चांगला मोठा खडा बांधून सोडला होता.

जिन्यात पावलं वाजली. यमुनाबाई माशांचं खाणं घेऊन येत होत्या.

या बाईला हे कळलं तर ती उभ्या जागी मरेल. एवढाच विचार नागोरावांच्या मनात आला, दुसरा यायला वेळच नव्हता. त्यांनी पुरचुंडी खिशात कोंबली आणि पंपाची पिन उपसली.

"अगं बाई! अहो, हे काय झालं?"

"पंप बंद राहिला. काल रात्री साफ करायला काढला होता. परत लावायचा विसरलो."

यमुनाबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो खाली गल्लीत ऐकू गेला. "तुम्ही मारलं! माझ्या लेकराचं एवढंच राहिलं होतं, तेही तुम्ही मारलं!" नागोराव मान खाली घालून उभे होते आणि खिशातलं पाणी मांडीवरून ओघळत होतं. श्राद्धाला आलेल्या प्रत्येकालाही यमुनाबाईंनी हेच सांगितलं. शिव्या द्यायला तिच्यासमोर आपण आहोत, हे बरंय, असं त्यांना मनापासून वाटलं.

चार दिवसांनी स्वारगेटला गेले असताना त्यांनी एका रंगीत मासे विकणाऱ्याला विचारलं, "टाकीत मूठभर तुरटी पडली तर मासा मरतो का हो?"

"काका, मूठभर तुरटी? कल्ले जळतात. कुणी केलं हे?"

"मी," नागोराव म्हणाले.

पुढचे तीन महिने यमुनाबाई त्यांच्याशी सरळ बोलल्या नाहीत. भिंतीला सांगायच्या, "जेवायचं असेल त्यानं जेवावं." आणि मग पाडव्याच्या दिवशी पुरणाचा घास तोंडाशी थांबवून त्या अचानक म्हणाल्या, "लोणीला जाऊन नवी बोटुकली आणता का?"

नागोराव लहान पोरासारखे वर पळाले, दुखऱ्या गुडघ्यांसकट. टाकी घासली, जोड तपासले, पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जाईल. तेजसनंच ते शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात यमुनाबाई वर आल्या. हातात तुरटीचा नवाकोरा खडा.

"या खेपेला पाणी मी सांभाळणार," त्या म्हणाल्या. "तुमचा भरवसा नाही. दर आठवड्याला तुरटी फिरवीन. त्या दिवशी किती छान निवळलं होतं! तुम्ही पंप बंद ठेवला नसता तर..."

"तुरटी नको."

"का?"

"नको म्हणतोय ना."

"पण का? काय होतं तुरटीनं?"

यमुनाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तीच नजर, भज्यांचा वास ओळखणारी. खडा धरलेला हात हवेतच थांबला. अजून एक शब्द गेला असता, तर बाईनं सगळा हिशेब तिथल्या तिथं लावला असता. कारण न सांगता तुरटी थांबवता येत नव्हती. कारण सांगितलं तर पोराचे मासे कुणी मारले तेही सांगावं लागत होतं. आणि गप्प राहून मासे आणायचे, तर तेही मरणार.

"काही होत नाही तुरटीनं," नागोराव म्हणाले. "मलाच मासे नको आहेत."

"काय?"

"गुडघे दुखतात. रोज जिने कोण चढणार? कटकट आहे नुसती."

"कटकट? तेजसची टाकी कटकट आहे?"

"हो."

त्याच दुपारी नागोरावांनी करवतीचं पातं घेतलं आणि स्वतः बसवलेला पाइप स्वतःच्या हातांनी कापायला सुरुवात केली. सायफन काढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. डोळ्यांना काही दिसेना. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून पुन्हा पातं ओढायला लागले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. खडी, पिंपं, स्टँड खाली गेलं. शेवटी काळी टाकी राहिली. यमुनाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. नवऱ्याकडे न बघता त्या भंगारवाल्याला म्हणाल्या, "ने रे बाबा. आई होती म्हणून वर्षभर जपलं. बापाला नकोच होतं."

नागोरावांनी टाकीची दुसरी कड धरली. "उचल," ते भंगारवाल्याला म्हणाले.