सोपानचं नाक अन् अण्णाचा पंप

घाटनांदूरला अण्णाच्या औषधाच्या दुकानापुढं एक बाकडं हाय. औषध म्हंजे शेतीचं बरं का, खोकल्याचं न्हाई. दुकानातला माल गिऱ्हाईक नेतं, गोष्टी मातर बाकड्याखालीच साचत्यात. कुनी झाडतच न्हाई!

*

एकदा अण्णानं उसातल्या तणनाशकाच्या दोन जाती दावल्या. एक पातळ, अमाइन सॉल्ट. दुसरी भुकटी, सोडियम सॉल्ट. म्हनला, "मारनारा एकच, मीठ तेवढं येगळं."

मी इचारलं, पिठल्यात कोनतं चालंल? अण्णानं बाटली माझ्यापसून लांब ठिवली.

मग त्यानं बजावलं, उसाला यानं काय व्हत न्हाई, पन पंपात राहिलेलं जरासं जरी कापसाला लागलं तरी पानं मुडपून झाड जातंय.

आमच्या सोपानचं तोंड उतरलं. त्याच्या पोरीनं, मुक्तानं, कापूस लई जपलेला. तिचं अंबाजोगाईचं नर्सिंगचं शिक्षान त्यावरच हुतं. अन् किडीची फवारनी करायला घरी पंप न्हाई, गावभर मागायचा.

*

म्होरं शेती खात्याचा एक साहेब गावात मीटिंगला आलता. म्हनला, सारख्या बांधनीचे अमाइन अन् त्यांचे सॉल्ट एका गटात घालायचे. एकाचा धोका तपासला की दुसऱ्याचा अंदाज लावता येतो.

मी म्हनलो, "म्हंजे सोयरीकच की साहेब. थोरला दारू पीत न्हाई, तर धाकट्याला डोळं झाकून पोरगी द्या."

साहेब हासला. "म्हणून तर शंका आली की धाकट्याला वेगळं तपासतो."

मागं बसलेल्या मुक्तानं मान हालवली. सोपान तवर झोपलता.

*

सोपान गट पाडायचा तो नाकानं. अमाइनच्या बाटलीला मासळीवानी वास मारतो, येवढं त्यानं धरलं. कुनाचाबी पंप घेतला की झाकन काढून आधी मुंडकं आत!

मग मला राहवतंय व्हय? अण्णाच्या कोऱ्या पंपात सुका बोंबील सोडला. सोपाननं हुंगला अन् गावभर सांगत सुटला, अण्णा वापरलेलं पंप इकतो. दोघं लई दिस बोलत नव्हते, मग बोंबील माझा निघाला.

*

सगळ्यात भारी आत्ताचं. सोपान माझ्याकडं पंप मागाया आला. मी त्यात भुकटी कालवून उसाला मारलती. त्यानं मुंडकं घातलं. वास न्हाई.

मी म्हनलो, "नेऊ नको बे. वास नसला तरी घरानं एकच हाय."

"तात्या, बोंबलावानी आता न्हाई फसायचा."

जितक्या शपथा घेतल्या तितका हासला, अन् पंप पाठीला लावून गेला. जन्मात एकदा खरं बोललो, ते बी कुनी घेईना! कापूस डोळ्यापुढं दिसाया लागला. मुक्ताला फोन लावला, समदं सांगितलं. तिनं येवढंच इचारलं, "मामा, तुमची वांगी कोनत्या बांधाला हायती?"

मला वाटलं, भाजीला पायजेत. सांगितलं.

थोड्या दिसांनी शेतात गेलो, तर वांग्याची पानं चकलीवानी वळलेली. पलीकडं तिचा कापूस हिरवागार. मुक्ता बांधावर उभी.

"पंपात नुसतं पानी भरून आधी वांग्यावर मारलं, मामा. शंका आली ना."

घरी आलो. पंप धुऊन दारात ठिवलेला. झाकन काढलं.

तळाला एक बोंबील.