वरच्या बिऱ्हाडाचं कुत्रं

ही गोष्ट माझ्या लेकीलाही ठाऊक नाही. हे हयात असते तर त्यांनाही सांगितली नसती. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात त्यांचं माझ्याबद्दल फारच चांगलं मत आहे.

'बाई तोंडावर बोलतात.' जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. तीस वर्षं शाळेत काढली, शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. संस्थेच्या अध्यक्षांना भर सभेत गप्प बसवलंय मी. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आधी कुणाच्या दारात थांबायचा, ते आजही मी ठरवते. मी घाबरट नाही हो, बढाई मारत नाही, खरंच नाही. मग एका भाडेकरूला 'नको' म्हणायला माझी जीभ का रेटली नाही? सांगते. जरा दमानं सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर तानाजी राहायचा. सरकारी कचेरीत कारकून. तो आणि त्याची बायको, अगदी गरीब स्वभावाची माणसं. सांगोल्याकडचे मेंढपाळ. आई गेली, मेंढरं विकली आणि वडिलांना — आबांना — त्यानं इकडे आणायचं ठरवलं. पण आबा अडून बसलेले. झिप्र्या येणार असेल तरच येतो म्हणायचे. झिप्र्या म्हणजे त्यांचं कुत्रं, बारा वर्षं मेंढरांमागं हिंडलेलं. तानाजी खाली मान घालून माझ्यापुढे उभा राहिला. भाडेकरूंनी जनावर पाळायचं नाही, हा माझाच नियम, माझ्याच अक्षरात करारात लिहिलेला. आणि मी काय म्हणाले? "आण रे! कुत्रं म्हणजे घराची राखण. नियम काय, माणसांसाठी असतात." शेजारीण ऐकत होती ना. तिच्यादेखत मोठेपणा मिरवायची संधी मी सोडते होय?

झिप्र्या आला. राखाडी, केसाळ, एक कान फाटलेला. पहिल्याच दिवशी आबा भाकरीचा तुकडा घेऊन खाली आले. म्हणाले, "बाई, तुमी बी हात लावा की भाकरीला." मला कळेना. मग समजलं, त्यांच्याकडे कुत्र्याला नवा माणूस असाच दाखवतात. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, आणि कुत्र्यानं मधून खायचं. "आता तुमी बी त्याच्या घरच्या. तुमच्यावर भुंकायचा न्हाय कधी." खरंच नाही भुंकला. शेवटपर्यंत नाही.

माझ्यावर नाही, पण बाकी सगळ्यांवर! जिन्याच्या पायरीशी बसायचा आणि फाटकातून आलेल्या माणसाला कोपऱ्यात गाठून उभं करायचा. चावायचा नाही, मेंढरू वळवावं तसा वळवायचा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांनी येणं कमी केलं. नव्या फरशीवर केस. बागेत खड्डे. आणि एक दिवस समोरची हसून म्हणाली, "काय बाई, मेंढरं कधी येणार आता?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आत कुठेतरी झोंबलं. केस आणि खड्डे ही सांगायची कारणं झाली. झोंबलं ते तेच — माझ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर धनगराचं कुत्रं बसतं, हे. हे लिहिताना लाज वाटतेय. तेव्हा वाटली नव्हती.

आता सरळ वर जाऊन सांगायला काय झालं होतं? तानाजीनं ऐकलं असतं, दुसरं घर शोधलं असतं. पण मग माझा शब्द? भर अंगणात दिलेला? तोंडावर बोलणारी बाई शब्द फिरवते, असं कुणी म्हणालं असतं तर? नकोच ते.

पाहुण्यात लग्न होतं म्हणून ते तिघं दोन दिवस गावी गेले. झिप्र्या माझ्याकडे. आणि रोज सकाळी कॉलनीत भाजीचा टेम्पो यायचा — कुंभारी गावचा माणूस. त्याला शेतावर राखणीला कुत्रं हवं होतं. महिनाभर सगळ्यांना विचारत होता. त्या दिवशी त्याची इकडची शेवटची फेरी होती आणि गल्लीत अजून कुणी उठलं नव्हतं. मी म्हटलं, घेऊन जा. त्याला वाटलं माझंच आहे. कुत्रं त्याला जवळ येऊ देईना, तशी मीच टेम्पोच्या फळीवर भाकरी ठेवली आणि हाक मारली. झिप्र्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि उडी मारून वर चढला. टेम्पोवाला दोरी पाहिजे म्हणाला, तर अंगणातली कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी सोडून दिली. आबांनीच बाजारातून आणून बांधलेली ती.

ते परत आले तेव्हा मी सांगितलं, फाटक उघडं राहिलं, निघून गेला. आणि दोरी कुजली, टाकून दिली.

मग शोधाशोध. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपमध्ये टाकायचा मजकूर मीच लिहून दिला — शुद्धलेखन तपासून! तानाजीच्या गाडीवर मागे बसून हिंडले. हाका मारल्या, झिप्र्याऽ झिप्र्याऽ, घसा बसेपर्यंत. कॉलनीत कौतुक झालं, घरमालकीण असावी तर अशी. आबा जेवेनासे झाले. रोज सकाळी काठी घेऊन निघायचे, ते दुपार टळल्यावर परतायचे, आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. माझ्या हातचा चहा ते प्यायचे.

तुम्हाला वाटत असेल, झाला बाईंचा कबुलीजबाब. एवढंच असतं तर एव्हाना मी स्वतःशी मिटवून टाकलं असतं. शेतावर आहे, खाऊन-पिऊन सुखी आहे, असं मनाला समजावत होतेच की मी. पण एवढंच नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी फाटकापाशी काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. मी बाहेर आले. झिप्र्या.

कुंभारीहून, सगळं शहर ओलांडून, कसा आला असेल देव जाणे. बरगड्या दिसत होत्या. पुढचा एक पाय उचलून धरलेला. मला बघून शेपटी हलवली त्यानं. गळ्यात चावून तोडलेली निळी दोरी लोंबत होती, हातभर.

आबा शोधायला गेलेले. तानाजी आणि त्याची बायको कामावर. गल्लीत चिटपाखरू नाही. फाटकाची कडी काढायची, बस्स. दोरीचं म्हणाल तर कात्री घरातच होती, शिवणाच्या डब्यात, दहा पावलांवर. एक कट. कुणाला काही कळलं नसतं. कुत्रं थोडंच बोलणार होतं? उलट मी म्हणाले असते, बघा आबा, आला की नाही! माझंच नाव झालं असतं.

पण मला ती दोरी तेवढी दिसली. आबा येतील आणि ओळखतील. आत्ता येतील. कात्री सुचलीच नाही — सुचली ती तासाभरानं. मी हात उगारला. हाड म्हटलं. तो हलला नाही. काठी आपटली. तो खाली बसला, कान पाडून, आपलं काय चुकलं ते न कळल्यासारखा. मग मी कुंडीतला दगड उचलला. एक चुकला. दुसरा लागला. त्या दुखऱ्या पायावर. केकाटला, तेवढा एकदाच. भुंकला नाही. तीन पायांवर उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे थांबून मागे बघितलं. मी तिसरा उचलला.

तो गेला, आणि थोड्याच वेळात आबा आले. पायरीवर बसले. मी चहा आणला. म्हणाले, "आज जीव लई उचल खातोय, बाई. जवळच हाय बगा त्यो कुटंतरी." मी म्हटलं, साखर कमी आहे का बघा.

त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. महिनाभरानं आबा गावाकडे परत निघाले. शहरात मन लागेना म्हणाले. तानाजी वळकटी रिक्षात ठेवत होता. आबा माझ्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले. मला. म्हणाले, "माज्या जनावरासाटी लई केलं तुमी. आता येकच करा. म्या नसताना आला, तर दार तेवढं उगडा."

"उघडीन की, आबा," मी म्हणाले. अगदी ठणठणीत आवाजात.