भांडेवाल्या अप्पांचं पोवळं

परळीच्या बाजारात सिद्धलिंग अप्पांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. देवाला आलेली माणसं जाताना गडू, पळी, पंचपात्र घेऊन जातात आणि लग्नसराईत हंडे-घागरी उठतात. तीन पिढ्यांचा धंदा. गिऱ्हाईक पायरी चढलं की अप्पा तांब्याचा गडू बोटानं टणकन वाजवणार आणि सांगणार, रात्री ह्यात पाणी भरून ठेवा, सकाळी अनशापोटी प्या, दवाखान्याची पायरी चढायची गरज न्हाई. हे वाक्य त्यांच्या वडिलांचं, आणि वडिलांना ते आजोबांकडून आलेलं.

आता अशा माणसाला समुद्राचा नाद लागावा, ह्याला काय म्हणायचं! अप्पांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही लाटेनं चप्पल नेली म्हणून सगळा वेळ रडण्यात गेला. पण एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर कुणाच्या तरी घरातली खाऱ्या पाण्याची टाकी दिसली, तिच्यात जिवंत पोवळी डुलत होती, आणि अप्पा कामातून गेले. त्या दिवाळीला बैठकीत चार फुटी काचेची टाकी आली. बाजारात पोवळं म्हणजे अंगठीतलं. ते जिवंत असतं, खातं-पितं, रुसतं, हे अप्पा सांगायला लागले की लोक चहा संपवून उठायचे.

आणि लाड तरी किती! पाणी पंचवीस डिग्रीलाच हवं. त्यासाठी पाणी गार करणारं यंत्र आलं. बाहेर त्रेचाळीसचं ऊन, घरातली माणसं गरम वारा फेकणाऱ्या कूलरपुढं घामानं निथळतायत आणि पोवळी महाबळेश्वरला. लाईट गेली की पंखा बंद, टाकीचा पंप मात्र इन्व्हर्टरवर चालू. अप्पांच्या सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या, त्या जाताना लेकीला म्हणाल्या की पुढचा जन्म ह्या घरात मिळाला तर माणसाचा मागू नको.

खर्चाचा हिशेब अप्पा हंड्यांत करायचे. हे जांभळं दोन हंड्यांचं, ते हिरवं साडेतीन हंड्यांचं. यंदा हैदराबादच्या त्यांच्या शौकीन मंडळींच्या ग्रुपवर सगळे 'गोल्ड टॉर्च' नावाच्या पोवळ्यामागे वेडे झाले होते. बोटभर लांबीच्या सोनेरी सोंडा, टोकाला पिवळा ठिपका, पाण्यात अशा हलतात की बघणारा जेवायचं विसरतो. अप्पांनी नवी मोटारसायकल घ्यायचं रद्द केलं आणि चौदा हंड्यांचं, तीन तोंडांचं टॉर्च ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या खोक्यातून मागवलं. जुन्या स्कूटरला किक मारून मारून पाय सुजला, पण चेहऱ्यावर तेज काय वर्णावं.

पण ह्या सुखात एक काटा होता. तांबं हे पोवळ्याला जहर. पाण्यात नावाला उतरलं तरी ते मरतं. अप्पांना हे नादाच्या दुसऱ्याच आठवड्यात ग्रुपवर कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून दुकानातून आल्यावर हात तीनदा धुऊन, कपडे बदलूनच ते टाकीला शिवायचे. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. समोरच्या कापड दुकानातल्या सुंदररावांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तांबेवाल्याच्या घरातच तांबं जहर, हे एकदा त्यांच्या कानी गेलं की गडू कोण घेणार? दोन वर्षं अप्पा हे गुपित पोटात घेऊन फिरत होते.

वैशाखात उदगीरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. टाकीला एकटं सोडता येत नाही, म्हणून अप्पांच्या बायको शिवकांताबाई मागं राहिल्या. नवा शालू काढलेला होता, तो परत कपाटात गेला. अप्पांनी दोन्ही बाजूंनी भरलेला कागद त्यांच्या हातात दिला. उन्हानं टाकीतलं पाणी उडतं, ते रोज लाल रेघेपर्यंत आणायचं, आणि ते निळ्या ड्रममधल्या फिल्टरच्या पाण्यानंच. का, ते कागदावर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ड्रम कोरडा पडला. नळाला दोन दिवस बाकी, फिल्टरला घालायलाच पाणी नाही. टाकीतलं पाणी रेघेच्या चार बोटं खाली. बाईंनी नवऱ्याला सात फोन लावले, पण वरातीच्या बँडपुढं फोन कुणाला ऐकू येतोय? टँकरचं पिवळट पाणी त्या जिवाला घालायचं त्यांच्या मनाला पटेना. मग त्यांना देवघरातली घागर आठवली. अंघोळ करून, फडक्यानं गाळून भरलेली, लिंगपूजेची. त्या पाण्याला अप्पांनाही हात लावायची परवानगी नाही. आदल्याच दिवशी चिंचेनं घासून लख्ख केलेली, चांगली ठोक्याची, तांब्याची. बाईंनी ती सगळी टाकीत रिती केली, माठातलं पिण्याचं पाणी गाळून ती पुन्हा भरली, तीही घातली आणि देवाला म्हणाल्या, आज गडूभर पाण्यात भागवून घ्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले ते चप्पल न काढताच टाकीपुढं. टॉर्चच्या सोंडा आत ओढलेल्या, तिन्ही तोंडं मिटलेली, एकातून पांढरा सांगाडा दिसायला लागलेला. बाईंनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. अप्पा खाली बसले. बायकोवर ओरडावं तर तिनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलेलं. खरं बोलावं तर दोन वर्षांचं लपवलेलं बाहेर येणार. ते एवढंच म्हणाले की अर्धं पाणी बदलावं लागेल, आणि आजच.

अर्धं पाणी म्हणजे विकतच्या फिल्टर पाण्याचे आठ जार. लग्नाच्या दाट तिथीला जार मिळवणं म्हणजे काय, ते परळीकरांनाच विचारा. प्लँटवाला अमरसिंह हात जोडून नाही म्हणाला. तेव्हा शिवकांताबाईंनी पदर खोचला, स्वतः प्लँटवर गेल्या आणि एका मंगल कार्यालयाकडं निघालेला टेम्पो आपल्या दाराशी वळवून आणला. काय सांगितलं देव जाणे! वर ते जार बर्फासारखे गार. वर्षभर पाणी गार करायला पैसे ओतणारे अप्पा अंगणात उन्हात जार मांडून ते कोमट व्हायची वाट बघत बसले.

आठ जार बघून गल्ली गोळा झालीच. पुढं अर्थातच सुंदरराव. घरी कार्य काढलंय का, म्हणून त्यांनी विचारलं. अप्पा मिठाचं माप घेतल्याचं सोंग करत राहिले. बाईच पुढं झाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्याकून झालं, भाऊ. माझ्याच हाताला कायतरी दोष हाय. ह्यांचं एवढं मोलाचं पोवळं मरायला घातलं मी."

अप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. ते ऐकून घेणं त्यांना जमेना. आधी त्यांनी सुंदररावांकडं बघितलं, मग बाईंकडं.

"तिचा दोष न्हाई," ते म्हणाले. "त्याला तांब्याचं पाणी चालत न्हाई, मरतंय ते. मला दोन वर्षांपासून ठाव हाय. धंद्यापायी मी घरातबी सांगितलं न्हाई."

सुंदरराव जे निघाले ते चहालाही थांबले नाहीत. अप्पांनी दुकानावर पाणी सोडलं आणि टाकीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पायरीवर सहा माणसं. बातमी गावभर गेली होती, पण अशी, की अप्पांच्या तांब्यापुढं समुद्रातला जीवसुद्धा टिकत नाही, मग पोटातले जंत कुठले टिकतात! दुपारपर्यंत अकरा गडू गेले. अप्पांनी ह्यावर काही बोलायचं नाही असं ठरवलं.

टॉर्चची दोन तोंडं गेली. तिसरं आठव्या दिवशी संध्याकाळी जरासं उघडलं. शिवकांताबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ह्याला काय काय चालत नाही ते आता सगळं सांगा, एकही सोडू नका. अप्पा सुरू झाले. साबणाचा फेस, उदबत्तीचा धूर, डासांचा फवारा, जास्तीचा उजेड, कमी उजेड. अर्धा तास झाला तरी संपेना. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं.

"आणि मला काय चालत न्हाई?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी मोजायला बोटं पुढं केली, पण अंगठा पहिल्याच पेरावर अडला.

"वांगं," बाई म्हणाल्या. "वांगं खाल्लं की जीभ खाजती माझी. बावीस वर्षं झाली."

दर आठवडी बाजाराला अप्पा स्वतः निवडून, देठ बघून, काटेरी वांगी आणत आलेले.

"मग खाल्लीस कावून?"

"तुमी एवढ्या कौतुकानं आणायचे," बाई म्हणाल्या.