पंचमीला उघडलेली पेवं

शिवबाईला गावात कुणी शहाणी म्हणत नसे. तोंडाळ मात्र सगळेच म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अक्कलकोटच्या खाली भीमेच्या काठी तिचं गाव. बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली आणि ज्वारी अशी पिकली की घरोघरची पेवं भरली. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांवर फरश्या टाकल्या, तोंडं चिखलानं लिंपली, आणि गाव निर्धास्त झालं.

पुराचा अंदाज घ्यायची गावाची रीत ठरलेली होती. घाटावरच्या दगडी नंदीच्या खुराला पाणी लागलं की सामान हलवायचं, तोवर नाही. त्या श्रावणात नदी फुगली होती, पण नंदी कोरडा होता. नागपंचमीच्या सकाळी बायका नवी लुगडी नेसून झोक्यावर चढल्या आणि शिवबाई पाण्याला विहिरीवर गेली. बघते तर एका रात्रीत पाच पायऱ्या बुडालेल्या. नदी काठावरून यायच्या आधी जमिनीखालून येत होती, आणि खाली अख्ख्या गावाचं वर्षाचं खाणं होतं.

ती कुदळ घेऊन आपल्या पेवावर गेली तसा दीर संगप्पा धावत आला. पंचमीला माती उकरायची नाही, विळी चालवायची नाही, नागाला इजा होते. संगप्पा तर त्या दिवशी दात कोरायलाही भीत असे.

"वैनी, येड लागलं काय? आज पंचमी हाय! नंदी कोरडा हाय की!"

"नंदी दगडाचा हाय, त्याला काय व्हतंय? आन् बिळात पाणी शिरल्यावर नाग काय पंचमी बगत बसतोय व्हय? त्यो बी भाईरच येतोय की!"

तिनं कुदळ हाणली. फरशी सरकवून कंदील दोरीनं आत सोडला, तो फक्‌कन विझला. जमलेली माणसं नागाचा कोप म्हणून मागं सरली.

"कोप कसला? कोंडलेली हवा हाय. दरसाल इझतोय," शिवबाई खेकसली आणि सुपानं वारा घालत बसली. दुसऱ्यांदा कंदील जळत राहिला. मग तिची सून दाक्षायणी आत उतरली आणि ओल लागू नये म्हणून भिंतीलगत लावलेला कडबा ओढून तिनं वर दिला. शिवबाईनं तो सगळ्यांसमोर पिळला. पाणी गळलं.

संगप्पा निघून गेला. देवळात गेला असेल असं वाटलं, पण तो आपली कुदळ घेऊन आला. स्वतःच्या पेवापाशी त्यानं हात जोडले, "नागोबा, माफी कर बाबा," म्हणाला आणि घाव घातला.

मग कुणी थांबलं नाही. बायकांनी झोक्यांचे दोर सोडून पोती ओढायला पेवांत टाकले, बाप्यांनी गाड्या जुंपल्या. दिवस मावळेतो गावातली सगळी ज्वारी माळावरच्या शाळेत पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी नंदी शिंगांपर्यंत बुडाला आणि रिकाम्या पेवांत पाणी भसाभसा शिरलं. शिवबाई माळावरून बघत होती. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तलाठी आला, गुळाच्या काहिलीची नाव करून, नखशिखान्त भिजलेला. त्यानं पंचनाम्याचा कागद काढला.

"धान्याचं नुकसान किती?"

"न्हाय," संगप्पा म्हणाला.

"नाही कसं? शेजारच्या गावांत पेवंच्या पेवं कुजली."

"आमच्यात न्हाय. आमच्यात आमची वैनी हाय, तेवढं लिवा."

"लिवतील मागनं," शिवबाई मध्येच म्हणाली. "सायेब, सकाळपास्नं काय खाल्लंय का?"

तलाठ्यानं कागद मिटला. दुष्काळात हीच माणसं सरकारी मिलोसाठी, त्या परदेशी लाल ज्वारीसाठी, पिशव्या घेऊन रांगेत उन्हात ताटकळली होती. आज सरकारचा माणूस शाळेच्या ओसरीवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि शिवबाईनं त्याच्या पुढ्यात पांढरीशुभ्र, गरम भाकरी वाढली. ती संपली तसा तो दुसरी मागायला लाजला.

"घ्या की," ती म्हणाली, "लई हाय."