‘ब’ जागेवरची मावशी

इंदापूरला आमच्या आईची पिठाची गिरणी आहे आणि समोर मावशीचं ब्लाऊज शिवायचं दुकान. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे. आई अंथुर्ण्याच्या ऊसवाल्या घरातली, मावशी कळसच्या मेंढपाळांच्या घरातली. दोघी लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या आणि तेव्हापासून रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकींशी ओरडून बोलत आल्या. गिरणी चालू असली की ओरडावंच लागतं.

मुदत संपल्यावर काही वर्षं नगरपरिषदेची निवडणूकच झाली नाही. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, कारभार प्रशासकाकडे. गल्लीत पाणी आलं नाही की बायका तक्रार करायला डबा घेऊन गिरणीत यायच्या. शेवटी एकदाची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातून आता दोन नगरसेवक निवडायचे होते, ‘अ’ आणि ‘ब’. शिवाय नगराध्यक्षही थेट लोकांनीच निवडायचा. ‘अ’ जागा महिलांसाठी निघाली.

मी बारामतीला कॉलेजात शिकवते. त्या आठवड्यात आईचा फोन आला, “मी उभी राहत्येय. तुझा तो लॅपटॉप घिऊन ये.” पाचच मिनिटांनी मावशीचा फोन, “पोरी, मी उभी राहत्येय. तुझ्या आईला अजून सांगितलं न्हाय.”

मी सुट्टी टाकून पोचले तेव्हा दोघींना एकमेकींचं कळलेलं होतं आणि भांडण म्हणाल तर नावाला नव्हतं. उलट दोघी गिरणीत एका पोत्यावर बसून चहा पीत होत्या. बायकांनी तोडगाही काढला होता.

“प्रभागात दोन मतं हायत ना?” एक जण म्हणाली. “मग एक हिला, एक तिला. झालं की!”

टाळ्या पडल्या. आबा, म्हणजे माझे वडील, पट्टा बसवता बसवता म्हणाले, “व्हय, ह्यो हिशोब बरोबर हाय.”

मला ते मोडताना फार वाईट वाटलं. मी खडू घेऊन गिरणीच्या पत्र्याच्या दारावर तीन चौकोन काढले. एक नगराध्यक्षाचा, एक ‘अ’चा, एक ‘ब’चा. “प्रत्येक चौकोनात एकच मत,” मी सांगितलं. “तुम्ही दोघी ‘अ’मध्ये आहात. हिला दिलं की तिला देता येत नाही.”

गिरणी बंद होती, तरी मला ती घरघरल्यासारखी वाटली. आई मावशीकडे बघेना, मावशी आईकडे बघेना. मग मावशीनं चहाची बशी खाली ठेवली आणि ‘ब’च्या चौकोनावर बोट ठेवलं.

“ह्यो गड्यांचा का?”

“नाही. सर्वसाधारण. कुणीही उभं राहू शकतं.”

“कुणीबी म्हंजे मीबी?”

“तूसुद्धा.”

“मग इतका येळ चहा कशाला थंड केला गं?” असं म्हणून तिनं बशी उचलली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि आबा तिच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःच हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख. मी लॅपटॉप दळणाच्या डब्यावर ठेवून दोघींचे अर्ज भरले. सूचक म्हणून बायकांनी पिठाच्या हातानं सह्या केल्या. कागद झटकून झटकून द्यावे लागले. ‘ब’मध्ये तीन पुरुष आधीच उभे होते. निवडणूक कचेरीत टेबलामागच्या साहेबांनी मावशीला दोनदा विचारलं, “बाई, ‘अ’ लिहायचं होतं का?” मावशी म्हणाली, “मला शाळंत तेवढंच अक्षर चांगलं यायचं. पण ‘ब’च लिवा.”

चिन्ह वाटपात मावशीला शिलाई मशीन हवं होतं. ते त्या तिघांतल्या एकानं पटकावलं. “त्याला साधं बटण लावता येत न्हाय!” मावशी चिडली. तिला शिट्टी मिळाली. तिला शिट्टी वाजवता येईना, नुसती हवा निघायची. मग आई वाजवायची आणि मावशी हात जोडायची. आईचं स्वतःचं चिन्ह छत्री. भर थंडीत, ढग नसताना, छत्री उघडून शिट्टी वाजवत दोघी गल्लोगल्ली फिरल्या. मी त्यांच्यामागं पत्रकं वाटत होते आणि माझं पोट हसून हसून दुखत होतं.

मतदानाच्या दिवशी आमच्या शेजारच्या आजी एकच बटण दाबून ऐटीत बाहेर निघाल्या. आतून अधिकारी धावले, “आजी, अजून दोन राहिली!”

“ऱ्हाऊ दे बाबा. बाकीची उद्या दाबते.”

त्यांना हाताला धरून परत न्यावं लागलं.

निकालाच्या दिवशी मी आईबरोबर मतमोजणीच्या हॉलच्या बाहेर उभी होते. आधी ‘अ’चा निकाल आला. आई थोडक्यात पडली. मी तिची समजूत काढायला लागले. आई मात्र म्हणाली, “गप. ‘ब’चं ऐकू दे.” तिघा पुरुषांनी आपापसात मतं वाटून घेतली होती, आणि बायकांची सगळी शिट्टीला पडली होती. मावशी निवडून आली.

मावशी बाहेर आली ती रडतच. “माझ्यापायी न्हाय ना पडलीस गं तू?”

“तू त्या चौकोनात ऱ्हायली असतीस तर दोघी पडलो असतो, येडे!” आई म्हणाली आणि तिनं मूठभर गुलाल मावशीच्या डोक्यावर ओतला. मग ट्रॅक्टर आला, हलगी आली. माझ्या आईला मी जन्मात कधी नाचताना पाहिलं नव्हतं. ती ट्रॉलीत उभी राहून अशी नाचली, की कुणीतरी तिलाच निवडून आलेली समजून हार घातला. तिनं तो काढला नाही. उलट मानेला हिसका देऊन नीट बसवला.

संध्याकाळी बारामतीच्या एसटीत बसले तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत मी लाल होते. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, “कोण निवडून आलं, ताई?”

“मावशी.”

“आणि कुणी उभं होतं का घरातलं?”

“आई.”

“तिचं काय झालं?”

“पडली,” मी म्हणाले आणि मला इतकं हसू फुटलं, की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगून होईपर्यंत आईच्या माहेरचं अंथुर्णंही मागं पडलं होतं.