कॅप्टन नेतेरची सात बटणं

फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या बेल्फोरच्या छावणीत पलटणीचा शिंपी म्हणून मी तीस वर्षं काढली. अधिकारी पुष्कळ पाहिले, पण माझ्या दुकानात शिरताना टोपी काढून "काय मास्तर, बरं आहे ना?" विचारणारा एकच, कॅप्टन एदमों नेतेर. तो ज्यू होता. खानावळीत बाकीचे साहेब त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवत. हा शांतपणे सूप संपवायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कवायतीला हजर असायचा.

त्याची म्हातारी आई अल्सासमध्ये राहायची, म्हणजे युद्धात जर्मनांनी घेतलेल्या मुलखात. घरची बोली ती हिब्रू अक्षरांत लिही, दुसरी अक्षरं तिला येतच नव्हती. छावणीतली गुपितं जर्मनांकडे फुटली, तेव्हा चोर शोधायचे कष्ट कोण घेणार? ज्यू माणूस आणि जर्मन मुलखातून येणारी न कळणारी पत्रं, एवढं पुरे झालं. गावातल्या ज्यू धर्मगुरूंनी कोर्टात पत्र वाचून दाखवलं : "हंसाची चरबी पाठवली आहे. कोटाची सातही बटणं ओढून बघत जा, बाळा."

न्यायाधीश म्हणाले, "सात बटणं म्हणजे सात तोफा. आणि वाचणाराही त्यांच्यातलाच."

जन्मठेप झाली. त्याआधी भर मैदानात बटणं तोडून बेअब्रू करायची होती. मला हुकूम आला, टाके आधीच उसवून ठेव, ओढताना अडायला नको. मी ठेवले. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी बटणं पटापट निघाली. लोक "ज्यूला मारा" म्हणून ओरडत होते. नेतेर ताठ उभा राहून म्हणाला, "मी निर्दोष आहे." आवाजात कंप म्हणून नाही. अशी छाती मी पुन्हा पाहिली नाही.

पाच वर्षांनी खरा चोर सापडला. नेतेर परतला तो पांढऱ्या केसांनी. तोच कोट आणि खिशातून सात नवी बटणं काढून त्याने माझ्या मेजावर ठेवली.

"साहेब, नवा कोट शिवतो की."

"हाच हवा."

मला राहवलं नाही. "टाके मीच उसवले होते."

"ठाऊक आहे, मास्तर. तुमचं बटण एवढ्या सहज कधी निघालंय?" तो खुर्ची ओढून बसला. "आता घट्ट शिवा. उद्या आई येतेय. ती ओढून बघणार."

मी दुहेरी दोरा घेतला. डोळे भरून आल्याने सुईचं नाकं दिसेना, तेव्हा सुई त्यानेच ओवून दिली.