जानेवारीतला फर

किस्से जमवायला कोणी बसत नाही. ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. एक दिवस कपाट उघडावे, तर ठेवायला जागा उरलेली नसते! बहारीनमधल्या आमच्या वसईकर मंडळाचे किस्से असेच साठले आहेत, आणि त्यांतले निम्मे एकाच झाडाचे आहेत.

वसईच्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान आणि मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि मुलाकडे इथे राहायला आले. मंडळात मला सगळे ‘टीचर’ म्हणतात, साठी ओलांडलेलेसुद्धा. मंडळाची एक रीत आहे. डिसेंबरात आम्ही सगळे मिळून एकच खरे नाताळचे झाड आणतो आणि ज्याला गावी जायला रजा मिळाली नाही, त्याच्या घरी ते उभे करतो. उमेदवार अनेक असले, तर ज्याची रजा सर्वांत जास्त वेळा नाकारली गेली, त्याचा पहिला मान.

सलग तीन वर्षे हा मान मार्शलीनला मिळाला. ती नर्स आहे, नवरा जहाजावर असतो, आणि सहा वर्षांची रिवा वसईला आजीकडे वाढते आहे. सीफ भागातल्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळणारा आमचा सॅबी तिला म्हणाला,

“मार्शलीन, तुमच्या मेट्रनबाईंनाच मंडळाचं अध्यक्ष करू या. झाड कुणाकडं जायचं ते त्याच ठरवतात.”

*

गेल्या वर्षी मात्र रिवाच आजीबरोबर नाताळाला इकडे येणार होती. दोन वर्षांत मायलेकींची भेट फक्त फोनच्या पडद्यावर झालेली. मार्शलीनने पडदे धुतले, गादी आणली, आणि तेवढ्यात रिवाच्या पासपोर्टचा अर्ज परत आला. फोटोत ती हसत होती! पुढचे दोन पडलेले दातही स्पष्ट दिसत होते.

“गंभीर चेहऱ्याचा फोटो काढा,” असे आजीला सांगण्यात आले. चार फोटो काढले. चारही वेळा ती हसली. पाचवा जमला, पण तोवर नाताळ हातचा गेला आणि येणे जानेवारीवर ढकलले गेले.

रिवाने फोनवर अट घातली. “मी येईपर्यंत झाड काढायचं नाही.”

“नाही काढणार.”

“सुकलं तरी चालणार नाही.”

मार्शलीनने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. “टीचर, येते म्हणून मी तिला तीनदा शब्द दिला आणि तीनदा मोडला. हा मला पाळायचाय. इतके दिवस टिकेल असं झाड असतं का?”

एकतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

“असते,” मी म्हणाले. “फर. तोही नॉर्डमन फर.”

*

जिदहफ्सच्या बाजारात इकबालभाईंचे रोपांचे दुकान आहे. ते रत्नागिरीचे. डिसेंबर आला की मीना सलमान बंदराच्या गोदामातून नाताळची झाडे आणून दाराशी उभी करतात आणि सगळ्यांना मिळून ‘ख्रिसमस ट्री’ एवढेच म्हणतात.

मी चष्मा लावला आणि पाने तपासू लागले. स्प्रूसची पाने सुईसारखी, चौकोनी आणि टोचणारी असतात. उबदार घरात आली की ती भराभर गळतात. फरची पाने चपटी आणि टोकाला बोथट असतात. झाड तोडले तरी ती आठवडेच्या आठवडे फांदी सोडत नाहीत. एक, दोन, तीन… अकरा झाडे झाली. बाराव्याचे पान मी उलटे केले, आणि गडद हिरव्या पानाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या. फळ्यावर मी त्या शेकडो वेळा काढल्या होत्या. प्रत्यक्ष पाहिल्या त्या त्या दिवशी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी.

इकबालभाई मागून पाहत होते. “काय ओ टीचर, आधीची अकरा नापास काय?”

“नापास नव्हेत. ती दुसऱ्या विषयाची मुले आहेत.”

*

सॅबीच्या पिकअपमधून झाड निघाले. वाटेत मी त्याला माहिती दिली. हा फर मूळचा कॉकेशसच्या उंच डोंगरांतला. त्याची शंकूसारखी फळे थेट शेंड्याजवळ, मेणबत्त्यांसारखी उभी असतात आणि पिकली की फांदीवरच सुटी होऊन विखुरतात. खाली अख्खे फळ कधी पडत नाही. म्हणून माणसे दोर बांधून शेंड्यापर्यंत चढतात आणि ती आधीच खुडून आणतात. ते बी पेरायचे डेन्मार्कात. तिथे झाड आठ-दहा वर्षे वाढते, तेव्हा कुठे माणसाच्या उंचीचे होते. मग कंटेनरमधून बहारीन.

सीफच्या सिग्नलला सॅबीने पिकअप थांबवला. मग म्हणाला,

“म्हणजे जन्म एकीकडं, वाढ दुसरीकडं आणि ड्यूटी इथं. टीचर, ह्याचा व्हिसा कुणी काढला?”

*

या सॅबीने स्वतःच्या घरी मात्र स्प्रूस आणला. “झाड ते झाड,” असे त्याचे मत. मी त्याला सांगून पाहिले. मोठ्या हॉटेलात शेफ असलेला माणूस निवृत्त शिक्षिकेचे कशाला ऐकेल?

नाताळच्या दुपारी त्याच्याकडे पंधरा माणसे जेवायला होती. पंखा लागला, झाड जरासे हलले आणि ताटावर बारीक हिरव्या सुया उतरल्या. तळलेल्या पिठाच्या फुग्यांवर, विंदालूवर, सगळीकडे! त्याच्या हॉटेलचे इजिप्शियन साहेब थबकले आणि त्यांनी चमच्यावरची एक सुई उचलून विचारले, “हे काय आहे?”

सॅबीने क्षणाचाही विलंब लावला नाही.

“रोझमेरी, सर. फ्रेश.”

साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

*

मार्शलीनकडे वेगळीच शिस्त. तिने बुंध्याचा खालचा वाळका भाग नव्याने कापून घेतला, झाड पाण्याच्या स्टँडमध्ये उभे केले आणि शेजारी भिंतीवर तक्ता लावला: वेळ, किती पाणी प्याले, शेरा, सही. पहिल्याच दिवशी दोन लिटर! जानेवारीत इथे एसी कोणी लावत नाही. तिने लावला आणि स्वतः स्वेटर घालून बसू लागली. तिची शिफ्ट असेल तेव्हा आमच्यापैकी एकाने जाऊन पाणी घालायचे आणि तक्ता भरायचा.

एका दिवशी सॅबीने शेरा लिहिला: ‘पेशंट स्टेबल. नातेवाईक अनस्टेबल.’

संध्याकाळी मार्शलीनने त्याखाली लाल शाईत लिहिले: ‘सही नाही. शेरा रद्द.’

*

सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला. सगळ्या इमारतीतले तारे, माळा उतरले. तेव्हा घरमालक हाजी काही कामासाठी वर आले. वृद्ध बहारीनी गृहस्थ. आमच्याशी हिंदीत बोलतात. दारातूनच त्यांना झाड दिसले.

“सिस्टर, क्रिसमस तो खलास?”

“खलास नहीं, हाजी. मेरी बेटी आने वाली है. बीस दिन बाकी हैं.”

हाजींनी झाडाकडे पाहिले, मार्शलीनच्या स्वेटरकडे पाहिले.

“मफी मुश्किल, कोई बात नहीं. बेटी आएगी, तब क्रिसमस. इंशाल्ला.”

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी फोन करून झाडाची प्रकृती विचारू लागले. मार्शलीनच्या मोरीतला नळ ऑक्टोबरपासून गळत होता. त्याची चौकशी मात्र त्यांनी अजून केलेली नाही.

*

आणि मग तो भयंकर सोमवार. रिवा यायला चार दिवस राहिले असताना सकाळी सातला मार्शलीनचा फोन आला. आवाज बसलेला.

“टीचर, गळायला लागलं. खाली सुयाच सुया आहेत.”

मी टॅक्सी करून गेले. ती झाडापाशी जमिनीवर बसली होती, ओंजळीत हिरव्या सुया घेऊन. “पोरीला काय सांगू?” एवढेच म्हणाली.

मी त्यातली एक सुई उचलली आणि अंगठा व बोट यांच्यात फिरवली. ती सुरेख गोल फिरली. मी झाडाचे पान तोडून फिरवून पाहिले. ते फिरेना, चपटे पान फिरत नाही; फिरते ती स्प्रूसची सुई.

“मार्शलीन, काल पाणी घालायला कोण आले होते?”

तिने तक्ता पाहिला. “सॅबी. पण का?”

मी सॅबीला फोन लावला. “तुमच्या स्वेटरला चिकटून आलेली रोझमेरी इथे सापडली आहे. येऊन झाडून न्या.”

मार्शलीन इतकी हसली, की रडू लागली. मग डोळे पुसून उठली आणि तक्त्यावर लिहिले: ‘पानगळ नाही. पेशंट ठणठणीत.’ खाली सही केली.

*

शुक्रवारी दुपारी रिवा आली.

मार्शलीनला विमानतळावर जाता आले नाही. ड्यूटी तीनला संपत होती. सॅबी आजी-नातीला आणायला गेला. मार्शलीन युनिफॉर्मवरच धावत घरी पोहोचली आणि दहा मिनिटांत खाली पिकअप थांबला. खोलीत आम्ही नऊ जण होतो, हाजीही होते, भर दुपारी माळेचे दिवे लागलेले, आणि झाडाची सगळी पाने फांदीवर होती. मार्शलीन झाडाच्या शेजारी उभी राहिली. हात कुठे ठेवावेत, हे तिला सुचत नव्हते.

रिवा दारात आली आणि आजीच्या मागे गेली. तिथून तिने एका डोळ्याने झाड पाहिले, मार्शलीनला पाहिले, पुन्हा झाड पाहिले.

“फोनमधलं तेच का?” तिने आजीला विचारले.

“तेच गो,” आजी म्हणाली.

“खरं आहे? प्लास्टिकचं नाही?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे पूर्ण तयार होते. मी पुढे झाले. सॅबीने माझे कोपर धरले. “टीचर, थांबा.”

मार्शलीन हळूच खाली बसली, रिवाच्या उंचीला. “मी नाही सांगणार. तूच चिमटा काढून बघ.”

रिवा आजीमागून बाहेर आली. एक पाऊल, मग दुसरे. झाडापाशी पोहोचली, थांबली, हात पुढे केला, आणि मार्शलीनच्या गालाला असा चिमटा काढला, की तिथे लाल खूण उठली.

मग मागे वळून म्हणाली,

“आजी, खरी आहे.”